‘वय झाले’ म्हणण्यापूर्वी

“वय झाले की असे व्हायचेच,” हे वाक्य आपल्याकडे फार सहजपणे उच्चारले जाते. घरातील वडीलधारे माणूस चालताना झोकांडी खाऊ लागले, दिवसाढवळ्या पेंगू लागले, बोलता बोलता विषय विसरू लागले, नातीला लेकीच्या नावाने हाक मारू लागले, की शेजारीपाजारी, पाव्हणेरावळे आणि आपणही मान हलवून हेच वाक्य म्हणतो आणि तेथेच आपला विचार थांबतो. वार्धक्यात शरीर थकते हे खरेच आहे. परंतु ज्याला आपण वयाचा परिणाम म्हणतो, त्यातील काही भाग औषधांचा परिणाम असू शकतो, ही गोष्ट मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हती. ज्या प्रसंगातून ती ठाऊक झाली तो अगदी घरगुती आहे. एरवी तो मी कॉलेजच्या अंकासाठी लिहिला नसता. पण आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी गोळ्यांची अशीच एखादी पिशवी खुंटीला टांगलेली असेल, असे वाटल्यावरून हे लिहीत आहे.

मी कला शाखेची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे या लेखात वैद्यकशास्त्रातील अधिकाराने काही सांगण्याचा माझा आव नाही. जे डॉक्टरांनी समजावून सांगितले आणि जे नंतर वाचून कळले, ते आपल्या भाषेत मांडावे, एवढाच हेतू आहे.

आमची आजी पंच्याहत्तरीची. जन्मभर शेतात राबलेली. आजोबा गेले त्या वर्षी तिची झोप उडाली. गावातील डॉक्टरांनी एक लहानशी पांढरी गोळी दिली आणि पंधरा दिवस घ्यावयास सांगितले. ती पंधरा दिवसांची गोळी पुढे तीन वर्षे चालली. जुनी चिठ्ठी दाखवली की मेडिकलमधून पाकीट मिळत असे. रात्री जेवणे झाली की आजी म्हणायची, “पोरी, ती पांढरी गोळी दे गं, म्हंजी डोळा लागंल.” मी तांब्याभर पाणी आणि गोळी नेऊन देत असे. आमच्या घरात इंग्रजी अक्षरे वाचणारी मी एकटीच, म्हणून गोळ्यांचे खाते माझ्याकडे होते. पाकिटावरील नाव मला वाचता येत होते. त्याचा अर्थ समजत नव्हता आणि तो कोणाला विचारावा असेही कधी वाटले नाही.

हळूहळू आजीचे चालणे संथ झाले. हात थरथरू लागला. दुपारी बोलता बोलता तिची मान कलंडू लागली. एकदोनदा तिने मला आत्याच्या नावाने हाक मारली. सगळे म्हणाले, वय झाले. मीही तेच म्हटले. गेल्या पावसाळ्यात एका रात्री ती लघवीला उठली आणि मोरीच्या उंबऱ्यात अडखळून पडली. उजव्या हाताचे मनगट मोडले. जिल्ह्याच्या ठिकाणी नेऊन प्लास्टर केले. हाडाच्या डॉक्टरांनी तिला एका फिजिशियनकडे पाठवले. त्यांनी तपासणी केली, दोनचार प्रश्न विचारले आणि म्हणाले, “आजी, घरात जेवढी औषधे आहेत तेवढी सगळी एका पिशवीत घालून उद्या घेऊन या. चिठ्ठी नको, औषधेच आणा.”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर आम्ही ती पिशवी रिकामी केली. नऊ प्रकारच्या गोळ्या निघाल्या. चार ठिकाणची. गावातील डॉक्टरांची, तालुक्याच्या डॉक्टरांची, गुडघ्यासाठी दाखवले होते तेथील, आणि काही मेडिकलमधून परस्पर आणलेल्या. त्या चारही ठिकाणी कोणी काही वाईट हेतूने दिले होते असे नाही. प्रत्येकाने समोरच्या तक्रारीवर औषध दिले होते. पण सगळी नऊ औषधे एकत्र अशी त्या दिवसापर्यंत कोणीच पाहिली नव्हती. आम्हीही नाही.

या नऊ गोळ्यांची साखळी डॉक्टरांनी आम्हाला उलगडून दाखवली. ती जशीच्या तशी सांगण्यासारखी आहे.

आजीला रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन नावाचे औषध चालू होते. औषध चांगले आहे आणि लाखो लोक ते घेतात. पण त्याने काही जणांच्या पायाला, घोट्याजवळ, सूज येते. आजीच्या पायाला सूज आली. ती दुसऱ्या डॉक्टरांना दाखवली, तेव्हा ही सूज औषधाची आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही. त्यांनी लघवी साफ होण्याची, म्हणजे अंगातील पाणी काढण्याची गोळी दिली. शिवाय रक्तदाबही थोडा जास्त दिसला, म्हणून दोन औषधे एकत्र असलेली एक नवी गोळी दिली. त्या जोडगोळीतही ॲम्लोडिपिन होतेच; फक्त कंपनीचे नाव निराळे आणि गोळीचा रंग निराळा. आजीने जुनी आणि नवी दोन्ही चालू ठेवल्या. म्हणजे तेच औषध ती रोज दुप्पट घेत होती आणि सूज आणखी वाढत होती.

पाणी काढण्याच्या गोळीने रात्री दोनतीनदा उठावे लागू लागले. झोपमोड झाली, म्हणून झोपेची गोळी सोडवेना. झोपेच्या गोळीची गुंगी अंगात असतानाच अंधारात उठायचे, त्यात पाणी आणि क्षार कमी झाल्यामुळे उभे राहताच रक्तदाब खाली यायचा, मग चक्कर. चक्कर येते म्हटल्यावर मेडिकलमधून चक्करची गोळी आणली. चक्कर आणि उलटी यांवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या, उदाहरणार्थ प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनॅरिझिन, म्हाताऱ्या माणसाने दीर्घकाळ घेतल्या तर कंपवातासारखी लक्षणे उत्पन्न करतात: हात थरथरतो, चेहरा भावशून्य दिसतो, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. आजीचा थरथरणारा हात आणि संथ चाल ही बहुतांशी या गोळीची करणी होती. गुडघ्यासाठी चालू असलेल्या डायक्लोफेनॅकने रक्तदाब वाढतो, अंगात पाणी साठते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. त्याने पोटात जळजळ होते, म्हणून ॲसिडिटीची गोळी. सर्दीसाठी अधूनमधून घेतली जाणारी साधी गोळीसुद्धा गुंगी आणणारी होती. उरलेली एक कॅल्शियमची. झाल्या नऊ.

एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजायचे, त्यावर दुसरे औषध द्यायचे, त्याच्या दुष्परिणामावर तिसरे, अशा या प्रकाराला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे. पॉला रोशन आणि जेरी गुरविट्झ या दोन डॉक्टरांनी १९९० च्या दशकात त्याकडे लक्ष वेधले. त्यांनी वापरलेल्या शब्दाचा अर्थ आपल्याकडे ‘औषधांचा धबधबा’ असा करता येईल. एका पायरीवरून पाणी दुसऱ्या पायरीवर पडावे, तेथून तिसऱ्या, तसे हे चालते. यातील गोम अशी की, प्रत्येक पायरीवर उभा असलेला माणूस आपल्या पायरीपुरता बरोबरच असतो.

पाच किंवा अधिक औषधे रोज चालू असली, तर त्याला साधारणपणे बहुऔषधसेवन म्हणतात. पाच हा आकडा काही जादूचा नाही. मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार असे तीन आजार एकाच माणसाला असतील तर पाच औषधे खरोखरीच लागू शकतात. पण औषधे जसजशी वाढतात, तसतशा त्यांच्या आपापसांतील जोड्या त्याहून फार वेगाने वाढतात. दोन औषधांची जोडी एकच. पाच औषधांच्या जोड्या दहा. आजीच्या नऊ औषधांच्या जोड्या छत्तीस. हे साधे गणित आहे, पण मी ते वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिले तेव्हा दचकले. या छत्तीसपैकी प्रत्येक जोडी घातक असते असे नव्हे. मात्र प्रत्येक जोडीचा कोणीतरी विचार करावयास हवा, आणि तो कोणी केलेला नव्हता.

आता प्रश्न असा की, जी गोळी चाळिशीच्या माणसाला सोसते ती पंच्याहत्तरीच्या माणसाला का सोसू नये? याचे उत्तर शरीराच्या घडणीत आहे. वय वाढते तसे शरीरातील पाण्याचे आणि स्नायूंचे प्रमाण कमी होते व चरबीचे प्रमाण वाढते. पाण्यात विरघळणारे औषध कमी पाण्यात पसरते, त्यामुळे ते अधिक तीव्र होते. चरबीत विरघळणारे औषध चरबीत साठून राहते आणि तेथून सावकाश झिरपत राहते. औषधे शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः यकृत आणि मूत्रपिंडे करतात. चाळिशीनंतर पुष्कळ लोकांत मूत्रपिंडांची गाळण्याची शक्ती दर वर्षाला साधारण एका टक्क्याच्या गतीने उतरत जाते. यात आणखी एक फसवणूक आहे. मूत्रपिंडांची स्थिती पाहण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन मोजतात; हा पदार्थ स्नायूंतून येतो. म्हाताऱ्या, कृश माणसाचे स्नायूच कमी असल्याने तपासणीत आकडा चांगला दिसतो आणि मूत्रपिंडे मात्र दमलेली असतात. म्हणून वय आणि वजन हिशेबात धरून तो आकडा वाचावा लागतो.

झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत हा फरक किती मोठा असतो, याचे एक उदाहरण मला फार बोलके वाटले. डायझेपाम हे औषध १९६३ पासून बाजारात आहे. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने शोधलेल्या औषधांच्या कुळातील ते सर्वांत प्रसिद्ध. अंगातील औषध निम्मे व्हावयास जो वेळ लागतो त्याला त्या औषधाचा अर्धायुकाल म्हणतात. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले की, विशीतील माणसाच्या अंगात डायझेपामचा अर्धायुकाल सुमारे २० तासांचा असतो, तर ऐंशीच्या घरातील माणसात तो सुमारे ९० तासांचा होतो. याचा अर्थ असा: तरुण माणसाने रात्री गोळी घेतली तर दुसऱ्या रात्रीपर्यंत तिचा निम्म्याहून कमी भाग अंगात उरतो. ऐंशीच्या माणसात पाच हिश्शांपैकी चार हिस्से तसेच उरलेले असतात आणि त्यावर दुसरी गोळी पडते. मग तिसरी, चौथी. रांजणाच्या तळाचे छिद्र बुजत आलेले असावे आणि वरून रोज तेवढीच घागर ओतली जावी, तसा हा प्रकार आहे.

आजीची गोळी अल्प्राझोलामची होती. ते याच कुळातील, पण इतके रेंगाळणारे नाही. निरोगी प्रौढ माणसात अर्धायुकाल सुमारे ११ तास, तर वृद्धांत सुमारे १६ तास. तेवढाही फरक सकाळची गुंगी दुपारपर्यंत नेण्यास पुरेसा होतो. शिवाय वृद्धांचा मेंदू या औषधांना अधिक हळवा असतो. तेवढ्याच मात्रेने तोल अधिक जातो, स्मरण अधिक मंदावते. तरुण माणूस ठेचकाळला तर सावरतो. गोळीच्या गुंगीतील म्हातारे माणूस सावरण्याआधीच पडलेले असते. आजीचे मनगटावर निभावले. खुब्याचे हाड मोडले असते तर पुढचे आयुष्य अंथरुणाला खिळण्याची भीती असते.

गुंगी आणणारी औषधे म्हणजे केवळ झोपेच्या गोळ्या, असाही गैरसमज नसावा. सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामिन असते. नैराश्यासाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिले जाणारे ॲमिट्रिप्टिलिन असते. ही औषधे मेंदूतील व शरीरातील ॲसिटिलकोलिन या संदेशवाहक द्रव्याचे काम अडवतात. त्यामुळे तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, लघवी अडते, नजर अंधूक होते, आणि वृद्धांत एकाएकी भ्रम होऊ शकतो. दुखण्यावरील ट्रॅमाडॉल, खोकल्याचे कोडीनयुक्त औषध आणि दारू, ही सर्व झोपेच्या गोळीच्या जोडीला आली तर श्वास मंदावण्यापर्यंत मजल जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली अफूवर्गीय वेदनाशामके आणि डायझेपामच्या कुळातील औषधे एकत्र घेण्याविरुद्ध सर्वांत कडक प्रकारचा इशारा छापावयास लावला. २०२० साली याच कुळातील औषधांची सवय लागते आणि ती एकदम सोडल्यास अपाय होतो, असाही इशारा सक्तीचा केला.

या धोक्याची जाणीव जगाला अलीकडेच झाली असे मात्र नाही. अमेरिकेतील मार्क बिअर्स या डॉक्टरांनी मॅसॅच्युसेट्स राज्यातील वृद्धनिवासांचा अभ्यास करून १९८८ साली असे दाखवून दिले की, तेथील निम्म्याहून अधिक रहिवाशांना मनावर किंवा झोपेवर परिणाम करणारी औषधे चालू होती. पुढे १९९१ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी प्रसिद्ध केली. ती बिअर्स निकष या नावाने ओळखली जाते. बिअर्स २००९ साली वारले. त्यांच्यानंतर अमेरिकेतील वार्धक्यवैद्यकाच्या संस्थेने ती यादी वेळोवेळी सुधारली आणि २०२३ साली तिची नवी आवृत्ती काढली. आयर्लंडमधील डॉक्टरांनी २००८ साली आणखी एक पद्धत तयार केली. तिचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात दोन याद्या आहेत: कोणती औषधे थांबवावीत याची एक, आणि गरज असूनही जी दिली जात नाहीत त्यांची दुसरी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली ‘अपायाविना औषध’ अशा अर्थाची जागतिक मोहीम सुरू केली. तिच्यात अनेक औषधे एकदम घेणाऱ्यांकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले आहे.

आपल्या देशातही नियम आहेत. २०१३ साली सरकारने ‘शेड्यूल एच १’ नावाचा औषधांचा वर्ग निर्माण केला. १ मार्च २०१४ पासून तो अमलात आला. अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रॅमाडॉल ही औषधे त्यात आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. दुकानदाराने रुग्णाचे, डॉक्टरांचे आणि औषधाचे नाव वेगळ्या वहीत नोंदवून ती वही तीन वर्षे जपावयाची असते. अशा औषधांच्या पाकिटावर तांबड्या चौकटीत इशारा छापलेला असतो. तो आमच्या घरच्या पाकिटावरही होता. तीन वर्षे रोज रात्री मी ते पाकीट हातात धरले, पण ती चौकट कधी वाचली नाही. वाचली असती तरी त्या इंग्रजीचा अर्थ आजीपर्यंत पोहोचविण्याचे काम माझेच होते, हे आता कळते.

आपल्याकडे ही अडचण अधिक बिकट का होते, याचाही विचार करावयास हवा. २०११ च्या जनगणनेत साठीपुढील लोकांची संख्या सुमारे १०.३८ कोटी होती. त्यांतील अनेकांना अक्षरओळख नाही. गोळी ओळखायची ती रंगावरून: ‘तांबडी सकाळची, पांढरी रात्रीची’. एकच औषध अनेक कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी मिळते, त्यामुळे दुकान बदलले की रंग बदलतो आणि जुन्या गोळीच्या सोबतीला नवी सुरू होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातील केसपेपर वेगळा, खासगी दवाखान्याची फाईल वेगळी, आणि गुडघ्याच्या शिबिरातील चिठ्ठी धुण्यात गेलेली. शिवाय शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी मागून आणणे आहेच. सांधेदुखीवर ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. डॉक्टरांना आपण ही पुडी सांगत नाही, कारण ती औषध आहे असे आपल्याला वाटतच नाही.

येथे एक गोष्ट ठासून सांगणे मला आवश्यक वाटते. हा लेख वाचून कोणी घरी जाऊन आजीआजोबांच्या गोळ्या फेकून देऊ नयेत. झोपेची गोळी बरेच महिने चालू असेल आणि ती एका रात्रीत बंद केली, तर झोप पार उडते, जीव घाबरा होतो, अंग थरथरते आणि क्वचित फिटही येते. रक्तदाबाची, मधुमेहाची, फिटची, हृदयाची औषधे आपल्या मनाने बंद करणे तर अतिशय धोक्याचे. औषध हे वैरी नाही. योग्य रीतीने वापरलेले विषही औषध होते आणि चुकीच्या रीतीने वापरलेले औषधही विष होते, हा विचार आपल्या चरकसंहितेत फार पूर्वी आलेला आहे. तेव्हा डॉक्टरांपुढे प्रश्न ठेवावयाचा तो असा: या माणसाला, या वयात, आज, यांतील कोणते लागते?

आजीच्या बाबतीत डॉक्टरांनी तेच केले. चक्करची आणि सर्दीची गोळी लगेच थांबवली. रक्तदाबाची दुहेरी झालेली मात्रा एकावर आणली. डायक्लोफेनॅक बंद करून दुखेल तेव्हाच पॅरासिटामॉल घ्यावयास सांगितले, आणि गरम पाण्याचा शेक. पोटाची गोळी मग लागेना. सूज ओसरल्यावर पाणी काढण्याची गोळी काढली. झोपेची गोळी मात्र त्यांनी चार महिन्यांत, थोडी थोडी कमी करीत उतरवली. पहिले काही आठवडे कठीण गेले. आजी रात्री उठून बसायची आणि माझ्यावर चिडायची. “एवढीशी गोळी, तुझं काय जातं गं?” असे म्हणायची. मला देववत नव्हती आणि नाही म्हणवत नव्हते. दुपारची झोप कमी करणे, संध्याकाळचा चहा बंद करणे, रात्रीचे पाणी बेताने पिणे आणि सकाळी अंगणात उन्हात फिरणे, हे उपाय डॉक्टरांनी सांगितले होते. ते आम्ही चिकाटीने केले.

आज नवांपैकी दोन गोळ्या उरल्या आहेत. हाताची थरथर बरीच कमी झाली. दुपारी ती जागी असते आणि माझ्या नावानेच मला हाक मारते. सगळे पूर्ववत झाले असे म्हणणार नाही. मनगट थोडे वाकडेच जुळले. कधी कधी चष्मा कोठे ठेवला हे तिला आठवत नाही. तेवढे बहुधा वयाचे असेल. पण जे वयाचे नव्हते ते गेले.

या सर्वात आपण विद्यार्थ्यांनी काय करावे? कॅनडातील क्वेबेक प्रांतात झालेला एक प्रयोग मला यासंबंधी मार्गदर्शक वाटला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. झोपेच्या किंवा काळजीच्या अशा गोळ्या दीर्घकाळ घेणारे पासष्टीपुढील ३०३ लोक त्यात होते. त्यांतील काहींना एक पुस्तिका पाठवण्यात आली. या गोळीने काय होते, ती का कमी करावी, आणि डॉक्टरांच्या किंवा औषधविक्रेत्यांच्या सल्ल्याने हळूहळू कशी कमी करावी, हे त्या पुस्तिकेत सोप्या भाषेत लिहिले होते. सहा महिन्यांनी पाहिले तर पुस्तिका मिळालेल्यांपैकी २७ टक्के लोकांनी गोळी पूर्णपणे सोडली होती. ज्यांना ती मिळाली नव्हती त्यांच्यात हे प्रमाण ५ टक्के होते. कोणते नवे औषध नाही, यंत्र नाही; समजेल अशा भाषेतील चार पाने फक्त.

आपल्या गावात ती चार पाने कोण लिहिणार? ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात आले आहे, त्या घरात पाकिटावरची अक्षरे वाचणारे तेच एक माणूस असते. तेव्हा पुढील सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढे करून पाहावे. घरातील वृद्ध माणसाची सर्व औषधे, गोळ्या, पातळ औषधे, मलमे, पुड्या, काढे, एका पिशवीत गोळा करावीत. एका कागदावर मराठीत यादी करावी: औषधाचे मूळ नाव (ते कंपनीच्या नावाजवळ छापलेले असते), किती, केव्हा, कोणी दिले, कशासाठी दिले आणि केव्हापासून चालू आहे. दोन पाकिटांवर एकच मूळ नाव दिसले तर त्याखाली रेघ मारावी. तांबडी चौकट दिसली तर तिच्याखालीही. मग ती पिशवी आणि तो कागद एकाच विश्वासाच्या डॉक्टरांपुढे ठेवून विचारावे, “यांतील कोणते अजून लागते? कोणते कमी करता येईल? नवी तक्रार एखाद्या औषधाची तर नाही ना?” वर्षातून निदान एकदा, आणि इस्पितळातून घरी आणल्यावर प्रत्येक वेळी, हे करावे. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही. आमच्या डॉक्टरांनी तर आजीचा तो कागद मागून घेतला आणि त्याची प्रत आपल्या फायलीत लावली.

आमच्या घरी तो कागद आता खुंटीवरच्या पिशवीतच असतो. आजीला तो वाचता येत नाही. पण कोणत्याही दवाखान्यात गेली की बसल्याबरोबर ती पदराआडून पिशवी काढते, कागद पुढे करते आणि सांगते, “आधी हे वाचा, मग नवीन लिहा.”

— द्वितीय वर्ष, कला